माशाच्या डोक्याचं कढण

बाळाचं पोट बिघडलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं, बाळाच्या आईकडे. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. दीड महिन्याचं पोर, पाण्याचा थेंबसुद्धा अजून त्याच्या तोंडात गेला नव्हता. जे काही गेलं ते मोइयाच्या अंगातून गेलं, एवढं कळायला कुणी शहाणं असायची गरज नव्हती.

"काल काय खाल्लंस?" तांगारिकीने विचारलं. ती मोइयाची नणंद. दुपटं धुवायला घेतलं होतं तिने, आणि ते उजेडाकडे धरून ती न्याहाळत होती.

"तुम्ही वाढलंत तेच, ताई."

"मी वाढलेलं खाऊन पोर असं हिरवं, फेसाळ हगत नाही. मी काय वाढते ते मला ठाऊक आहे. तुझ्या त्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक नाही."

पेटीत नूडल्सची पाकिटं होती. मोइया तारावाची, राजधानीत वाढलेली. तिकडची पोरं शाळेतून येताना कोरड्या नूडल्स हाताने चुरतात, वर मसाल्याची पुडी शिंपडतात आणि तेच जेवण समजतात. लग्न होऊन ती नवऱ्याच्या बेटावर आली तरी जिभेची सवय सुटली नव्हती. नवरा योतेबा मालवाहू जहाजावर खलाशी. तिला पाचवा महिना लागला तेव्हा तो गेला, तो अजून मुलाचं तोंड बघायचा होता. मागे राहिले सासरा ब्वेनावा आणि दहा पावलांवर वेगळ्या छपरात नवऱ्याबरोबर राहणारी ही नणंद. चाळिशी उलटली होती, मूलबाळ नव्हतं. सासू गेल्यापासून बापाची चूल तीच सांभाळत होती, आणि भावजय आल्यावर भावजयीलाही तिने चुलीबरोबरच सांभाळायला घेतलं.

त्या दिवशी नूडल्स बंद झाल्या. तांगारिकीने सगळी पाकिटं उचलून नेली आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकली. बाळाचं पोट थांबलं नाही. मग खेकडे बंद झाले, कारण खेकडा उष्ण. मग केवड्याचं फळ बंद झालं, कारण त्याच्या दशा बाळाच्या आतड्यात अडकतात. नीरफणस वारा धरतो म्हणून गेला. सकाळची ताजी नीरा दुपारपर्यंत आंबते, ती बाईच्या पोटात जाऊन आंबणार नाही कशावरून, म्हणून तीही गेली. आठ दिवसांत मोइयाच्या पुढ्यात उरलं काय, तर भात आणि माशाच्या डोक्याचं कढण.

कढण बंद करायचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. येणार कसा? ब्वेनावाच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत होती. घरात अंगावर पाजणारी बाई असेल तोवर सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं तिचं. डोकं आणि सोबत काळीज, दोन्ही एकत्र उकळून, वरून नारळाचं दूध. त्याने दूध उतरतं, दाट होतं, पोर बाळसं धरतं. गावचा म्हातारा पाहुणा आला तरी त्याला पाठीचा तुकडा, डोकं सुनेला. म्हातारा ब्वेनावा रोज स्वतः होडी काढायचा, स्वतः मासा निवडायचा आणि ते डोकं केळीच्या पानावर घेऊन मोइयाच्या मचाणापाशी, म्हणजे खांबांवरच्या तिच्या उघड्या घरापाशी, यायचा. पासष्टीचा माणूस, बोलायला कंजूष, पण डोकं पुढे करताना त्याचा चेहरा उजळायचा.

"बघ पोरी, डोळा बघ कसा आहे," तो म्हणायचा. "एक थेंब टाकू नकोस."

मासाही तसाच मिळत होता. दोन वर्षांपूर्वी सरकारने गावासमोरचा प्रवाळाचा खडक सुरुंग लावून फोडला आणि बोटींसाठी वाट केली. तेव्हापासून त्या वाटेच्या कडेला हाताएवढे लाल मासे येऊ लागले होते. तरुण पोरं यंत्राच्या होड्या घेऊन बाहेर खोल समुद्रात जात. म्हाताऱ्याला आता तेवढं वल्हवत नव्हतं. त्याला घराजवळ असा मासा मिळाला म्हणजे पर्वणीच. बेटाची पश्चिम बाजू वाईट, तिथला मासा बाधतो, हे सगळ्यांना आजोबा-पणजोबांपासून माहीत होतं. पूर्वेचा, म्हणजे गावासमोरचा, मासा आजवर कुणाला बाधला नव्हता. तरीही ब्वेनावा बेफिकीर नव्हता. प्रत्येक माशाच्या शेपटीचा तुकडा तो आधी मांजरीला टाकायचा. तासभर बघायचा. मांजरी अंग चाटत बसली की म्हणायचा, "पेटव चूल."

थोडक्यात, ज्याने काही बिघडत नव्हतं ते सगळं बंद झालं आणि कढण एक वेळ होतं ते दोन वेळा झालं. पोर जितकं वाळेल तितकं तांगारिकी आईला जास्त कढण ओतायची. तिने काही वाईट केलं असं मी म्हणणार नाही. तिने जीव ओतून केलं, तेच तर वाईट झालं.

मोइयाचं अंग दुखत होतं. तळहात, तळपाय खाजत होते, पायऱ्या उतरताना गुडघे लटपटत होते. बाळंतपणानंतर कुठल्या बाईचं अंग धड असतं, असं तिने मनाशी म्हटलं. तिचं लक्ष पोराकडे होतं. बाळ करोतू दिवसातून आठ-दहा वेळा जायचा. गालांवर लाल पुरळ उठलं होतं. भुकेने छातीला लागायचा, चार घोट घ्यायचा आणि पाय पोटाशी ओढून असा किंचाळायचा की शेजारच्या बायका विणत असलेल्या चटया खाली ठेवून बघत राहायच्या. मग पुन्हा भूक, पुन्हा तेच.

अशा वेळी तांगारिकी येऊन पोराला उचलायची. खोबरेल हातावर गरम करायची आणि पोट चोळायची, बेंबीच्या भोवती, हलक्या बोटांनी, आणि खरं सांगायचं तर पोर तिच्या मांडीवर थोडं शांत व्हायचं. मोइयाला ते बघवत नसे.

त्याला कारण होतं. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने रीतसर मागणं घातलं, बुबूती केली, की नाही म्हणता येत नाही. होडी मागा, डुक्कर मागा, अंगातला सदरा मागा. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. मूलही मागता येतं. मोइयाच्या मावसबहिणीचं पहिलं पोर तिच्या चुलतसासूने असंच मागून नेलं होतं; बहीण दोन घरं पलीकडून त्याचं रडणं ऐकायची. तांगारिकीने अजून मागितलं नव्हतं. पण बाळाला मांडीवर घेऊन ती ज्या नजरेने बघायची ती नजर मोइयाला ओळखता येत होती. पोर धडधाकट असेल, आईच्या दुधावर गुटगुटीत होत असेल, तर मागणाऱ्यालाही जरा संकोच वाटतो. आईचं दूधच बाधतंय असं ठरलं, की मग संकोच कसला?

म्हणून मोइया रोज सांगायची, "आज बरं आहे त्याला. आज कमी झालंय."

बाराव्या दिवशी तांगारिकीने नीरेत बोट बुडवून पोराच्या तोंडात घातलं. मोइया विहिरीवरून आली तर हे दृश्य.

"काय देताय त्याला?"

"देवाघरचं पाणी. तुझ्या दुधापेक्षा बरं."

"माझ्या दुधाला नावं ठेवू नका."

"मी कशाला ठेवू? हे दुपटं ठेवतंय की." तांगारिकीने ते पुढे केलं. "वास घे. आंबलंय दूध तुझं. पोरात आता उरलंय काय? माकडाचं पिल्लू दिसतंय."

मोइयाने पोर तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. बारा दिवसांची झोप नव्हती, बारा दिवसांचं बोलणं खाल्लं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "जिच्या पोटी पोर नाही, तिने माझ्या पोराच्या पोटाची उठाठेव करू नये."

आजूबाजूच्या तीन छपरांत ऐकू गेलं ते. तांगारिकी उठली, तेलाची वाटी उचलली आणि आपल्या घरी गेली. त्यानंतर ती आली नाही. कढण करून बापाच्या हाती पाठवत होती, नेमाने, दोन वेळा. पण मचाणाची पायरी काही तिने चढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोइयाने विहिरीचं पाणी तोंडावर मारलं आणि किंचाळून डबा टाकून दिला. पाणी उकळतं असल्यासारखं भाजलं. तिने हळूच बोट बुडवलं. पुन्हा चटका. ओठांना मुंग्या आल्या होत्या, जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटत होती. ती विहिरीच्या काठावर मटकन खाली बसली. थंड पाण्याने भाजणं म्हणजे काय, हे आमच्याकडे चालता येणाऱ्या पोरालाही कळतं. मासा बाधला. तिला कुठला मासा बाधला हेही उघड होतं, कारण दुसरं ती काही खातच नव्हती.

आता हे ओरडून सांगायला हवं होतं की नको? हवंच होतं. पण ती तिथे बसून दुसराच विचार करत राहिली. हे सांगितलं तर पहिली गोष्ट, अंगावरचं दूध बंद करा म्हणतील. दुसरी गोष्ट, पोर कुणाकडे जाईल हे सांगायला नकोच. आणि तिसरा तो म्हातारा, केळीच्या पानावर डोकं घेऊन येणारा. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने ठरवलं, कढण बंद करायचं आणि गप्प बसायचं. खाणं थांबलं की विष थांबेल. दूध स्वच्छ होईल. कुणाला कळायचंही नाही.

त्या दिवसापासून ब्वेनावाची पाठ वळली की ती वाडगा मचाणाच्या फटीतून खाली ओतायची. डोकं, काळीज, सगळं खालच्या खड्यांवर. आणि पोराला छातीशी घ्यायची.

एकदा अंगात गेलेलं विष असं दोन दिवसांत निघत नाही, हे तिला माहीत नव्हतं. वाट बघत राहिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पोर आता किंचाळतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं, आणि ते शांत झालं असं ती स्वतःला समजावत होती. चौथ्या दिवशी डोळे खोल गेले. पाचव्या दिवशी टाळूवर हात ठेवला तर खळगा लागला. तरी संध्याकाळी सासऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज कमी आहे, बाबा."

सहाव्या सकाळी मांजरी अंगणातून सरपटत आली. पुढचे पाय चालत होते, मागचे दोन नुसते ओढले जात होते. ब्वेनावा जाळ्याची भोकं शिवत बसला होता. त्याने जाळं खाली ठेवलं. मांजरीजवळ उकिडवा बसला, तिचे मागचे पाय उचलून पाहिले, सोडले; ते तसेच पडले. मग ती जिकडून आली तिकडे तो बघत गेला आणि मचाणाखाली वाकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माशाच्या गालफडाचं हाड होतं. चाटून पुसून साफ केलेलं.

"कधीपासून ओततेस?"

मोइयाने पोराला घट्ट धरलं. "पाच दिवस."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"मला वाटलं, मी खाणं बंद केलं की संपेल."

"मला सांगायचं होतंस पोरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही ह्याला ताईंच्या मांडीवर दिलं असतं."

आणि म्हाताऱ्याने दिलंच असतं. तो हातातल्या हाडाकडे बघत उभा राहिला. "माझा बाप मांजरीला शेपटी टाकायचा, म्हणून मी शेपटी टाकली," तो म्हणाला. "डोकं कोण मांजरीला घालतं? डोकं माझ्या नातवासाठी होतं."

दवाखाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मोइया गेली, म्हातारा मागून चालत आला. नर्स माकुरिता तोंडाने फटकळ पण हाताची हलकी बाई. तिने पोराचं पोट चिमटीत धरून सोडलं. कातडीची वळी तशीच उभी राहिली. मग मोइयाचा हात धरून बादलीत बुडवला. मोइयाने हात असा मागे घेतला की बादली आडवी झाली.

"आणि तू घरी बसून वाट बघत होतीस? कशाची?" माकुरिता म्हणाली. "फोडलेल्या खडकावर विषारी शेवाळ धरतं, ते माशात उतरतं. अगं, खारवा, उकळा, भाजा, हे विष जात नाही. ते माशाच्या डोक्यात, काळजात, आतड्यात जास्त साठतं. घरच्यांनी पाठीचं मांस खाल्लं, ते सुटले. तू मात्र रोज डोकी खाल्लीस, आणि तुझ्या अंगातलं दुधात उतरलं."

"मी पाच दिवस खाल्लं नाही."

"पाच दिवसांनी काय होतंय? तुला थंड पाणी थंड लागेपर्यंत त्याला अंगावर घ्यायचं नाही. दोन आठवडे लागतील, दोन महिनेही लागतील. मासा तोंडात घालायचा नाही, एक घास खाल्लास तरी परत उसळेल. दूध पिळून टाकत राहा, म्हणजे आटणार नाही. आणि हे साखर-मिठाचं पाणी, ही दुधाची पावडर. चमच्याने, घोट घोट. आज दिवसभरात हे पोटात गेलं नाही तर मला रेडिओवरून विमान मागवावं लागेल, आणि ते येईपर्यंत..." तिने पावडरचा डबा मोइयाच्या हातात कोंबला.

दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या ब्वेनावाने सगळं ऐकलं. घरी आल्यावर मोइया पोराला त्याच्याकडे देऊ लागली तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मोइयाने चमच्याने पाजायला घेतलं. पोराने तोंड घट्ट मिटलं. तिने ओठ उघडून दोन थेंब सोडले, ते त्याने बाहेर काढले. त्याचं तोंड सारखं तिच्या छातीकडे वळत होतं, डोळे मिटून, नाकाने हुंगत. घरचं दूध इथे, हाताच्या अंतरावर, वासासकट. ते चमच्यातलं पाणी कशाला घेईल? ती झंपर बदलून आली, अंगाला खोबरेल चोपडून आली, लुगड्याची घडी छातीशी बांधून आली. तेच. दुपार टळली. पावडरचं दूध वाटीत गार झालं, दुसरं केलं, तेही गार झालं. तिची बोटं बधिर झाली होती, चमचा वरचेवर निसटत होता. पोर रडायचं, आणि रडायला ताकद नाही म्हणून थांबायचं. एकदा ते असं थांबलं की मोइया घाबरली. काही विचार न करता तिने झंपर वर केलं आणि त्याला लावलं. तो प्यायला. आधाशासारखा प्यायला, आणि तिच्या डोळ्यांतून सुखाने पाणी आलं. थोड्याच वेळात त्याने ते सगळं मांडीवर काढलं, वरून आणि खालून.

मोइयाला तेव्हा कळलं की ह्या पोराला बेटावर सगळ्यात जास्त धोका कुणाचा असेल तर तिचा स्वतःचा. ती जवळ असेल तोवर तो दुसरं काही घेणार नाही, आणि तो रडेल तोवर ती त्याला लावल्याशिवाय राहणार नाही.

तिने त्याला पुसलं, स्वच्छ दुपट्यात गुंडाळलं आणि दहा पावलं चालून गेली.

तांगारिकी केवड्याची पानं सोलत बसली होती. मोइया मचाणावर चढली नाही. खाली खड्यांवर मांडी घालून बसली, मान खाली घातली, जशी मागणं घालणारी माणसं बसतात.

"ताई, मी बुबूती करायला आलेय."

तांगारिकीचा हात थांबला. गावात कुणाचं मागणं आलं तर काय मागतील ह्याचा साधारण अंदाज असतो. तिला हा अंदाज नव्हता.

"ह्याला घ्या. माझ्या हातून तो पाणी घेत नाही. तुमच्या हातून घेईल."

"किती दिवस?"

मोइयाने दुपट्याचं टोक पोराच्या पायांवर ओढलं.

"किती दिवसांसाठी घेऊ ते सांग ना," तांगारिकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातलं पान तिने खाली ठेवलं. "महिनाभर? तुझं अंग बरं होईपर्यंत? मग तू येशील आणि ओढून नेशील, तेव्हा नेलंस तसं. त्या दिवशी मला जे म्हणालीस ते खरंच आहे, त्याचा राग नाही मला. पण उसनं पोर मी घेणार नाही, मोइया. रडू नकोस, ऐक. मी त्याला रात्रंदिवस छातीशी धरीन, तो माझ्या वासाला लागेल, आणि मग परत देईन? माझ्याने नाही होणार ते. मेलेली बरी मी."

दुपट्यात पोर एकदा हललं, एवढंच. त्याचा आवाज निघाला नाही.

मागणं नाकारता येत नाही, हे मोइयाला ठाऊक होतं. ती नुसती "महिनाभर" म्हणाली असती तरी तांगारिकीला घ्यावंच लागलं असतं. पण ज्या बाईकडून एका पोराचा जीव मागायचा तिला अर्ध्या मनाने कसं द्यायचं? अर्ध्या मनाने घोट घोट पाजता येत नाही. आणि वेळ नव्हता, उन्हं कलली होती.

"दिवस नाहीत," मोइया म्हणाली. "तुमचा."

तांगारिकी उतरून खाली आली. तिने पोर घेतलं नाही लगेच. आधी भावजयीच्या चेहऱ्याकडे बघितलं, खात्री करून घ्यायला. मग घेतलं. ती वळून आत गेली आणि थोड्या वेळाने आतून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मोइया उठून आपल्या छपरात गेली.

पोर वाचलं. तीन दिवसांत लघवी नीट झाली, दहा दिवसांत पुरळ गेलं. माकुरिता येऊन बघून गेली आणि तांगारिकीच्या पाठीवर थाप मारून गेली. योतेबाचा जहाजावरून फोन आला तेव्हा तो म्हणाला, "ताईकडेच आहे ना? मग घरातच आहे की." पुरुषांना सगळं घरातच असतं. ब्वेनावाने त्या वाटेवरची मासेमारी सोडली. मांजरी मेली तेव्हा त्याने तिला नारळाखाली पुरलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. आता तो दुसऱ्यांनी आणलेला मासा साफ करून देतो, आणि डोकं हाती आलं की मान वळवून समुद्रात फेकतो. मोइयाशी तो नीट बोलतो, पण तिच्याकडे बघत नाही.

मोइया भात खायची, डब्यातलं मांस खायची. सकाळ-संध्याकाळ करवंटीत दूध पिळायची आणि पाण्याच्या कडेला जाऊन ओतायची. तिच्या अंगाचा वास आला की करोतू चमच्यावरून तोंड काढतो, म्हणून तिने लांब राहायचं असं ठरलं होतं. ती लांब राहिली. दहा पावलांवरून त्याचं रडणं ऐकू यायचं आणि झंपर भिजायचं. पुढे रडणं कमी झालं. मग हसणं ऐकू येऊ लागलं, आणि ते तिला जास्त जड गेलं. ‘तुमचा’ असं आपणच म्हटलं होतं, हे तिला रोज आठवायचं. पण म्हणणं एक आणि वाटणं एक. आत कुठेतरी तिने धरून ठेवलं होतं, की दूध आटलं नाही तोवर काही तुटलेलं नाही.

सात आठवडे गेले. एका सकाळी तिने तोंडावर पाणी मारलं आणि ते गार लागलं. तिने पुन्हा मारलं, मग बादली उचलून डोक्यावर ओतली. गार. ओल्या केसांनीच ती निघाली. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. एकदा लावून बघते, एवढंच म्हणणार होती. एकदाच.

तांगारिकी मचाणाच्या काठावर बसली होती, मांडीवर पोर. चांगलं गुबगुबीत झालं होतं, मनगटाला वळ्या पडल्या होत्या. ओल्या केसांची मोइया समोर येऊन उभी राहिली आणि तांगारिकीच्या तोंडावरचा रंग उतरला. तिला सगळं कळलं, काही सांगावं लागलं नाही. तिने पोराभोवतीचा हात आवळला. पोराने मोइयाकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि चेहरा तांगारिकीच्या कुशीत लपवला.

"अरे, घाबरतोस काय वेड्या?" तांगारिकी त्याला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, नुसती विनवणी होती. ती पोराशी बोलत होती आणि ऐकवत मोइयाला होती. "बघ कोण आलंय. मामी आलीय आपली. मामी."

मोइयाच्या झंपराला पुढे दोन ओले डाग पडले. ती पायरीवर बसली. पोराने कुशीतून एक डोळा बाहेर काढून तिच्याकडे बघितलं.

"हो रे राजा," ती म्हणाली. "मामी आली."